आलेख उमटला म्हणजे बरोबर असतो?

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी भेटलं की पहिला प्रश्न 'कसा आहेस' नसतो, 'पाणी किती?' असतो. पाणी म्हणजे पंचगंगेचं, राजाराम बंधाऱ्यावरचं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे दोन आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ! २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं बघितल्यावर तर विचारायलाच नको.

मागच्या एका पावसाळ्यात मला हौस आली. तासातासाची पातळी एका फाइलीत भरायची आणि 'आर'मध्ये आलेख काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. (आर म्हणजे संख्याशास्त्रवाल्यांची प्रोग्रॅमिंगची भाषा. फुकट आहे आणि चांगली आहे.) आकडे भरले, प्लॉट म्हटलं, तर समोर एरर: 'नीड फायनाइट वायलिम व्हॅल्यूज'.

आर शिकणाऱ्या बहुतेकांना ही कधी ना कधी भेटतेच. अर्थ साधा आहे. उभा अक्ष कुठून कुठपर्यंत आखू ते कळत नाही, कारण तू दिलेल्यात एकही आकडा नाही. मी '४२ फूट ९ इंच' असं लिहिलं होतं. आपल्यासाठी ते माप, आरसाठी नुसती अक्षरं. त्यांचा आकडा होईना, म्हणून त्यानं सगळीकडे 'एनए' धरलं.

मग मी काय केलं? घाईत सगळे करतात तेच. शब्द काढले, मध्ये टिंब टाकलं. ४२.९. एरर गायब, आलेख हजर! टाकला ग्रुपवर.

अर्ध्या तासात मामांचा फोन. त्यांचा गोठा नदीकाठी.

"काय रं, पाणी उतरतंय व्हय? म्हशी हलवू का नको?"

बघतो तर खरंच रेघ खाली गेलेली. पाणी मात्र चढलं होतं, ९ इंचांवरून १० इंचांवर. फुटात इंच १२, टिंबापुढे हिशेब दहाचा. ४२.१० म्हणजे आरच्या लेखी ४२.१. इंचभर चढलेलं पाणी माझ्या आलेखात साडेनऊ इंच उतरलं!

"मामा, आधी म्हशी हलवा. आलेखाचं मी बघतो."

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्यात. इंचांना १२ नं भागायचं आणि फुटांत मिळवायचं. ४२ फूट १० इंच म्हणजे ४२.८३. झालं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: थांबवणारी एरर परवडली, गप्प बसणारी चूक नको. जुन्या आरमध्ये फाइल वाचताना अक्षरांचा रकाना आपोआप 'फॅक्टर' व्हायचा. त्याचे आकडे करायला गेलं की मापाऐवजी अनुक्रमांक हातात, आणि तेही एक शब्द न बोलता. २०२० मध्ये ४.० आवृत्तीत ही आपोआपची सवय काढली, ते फार बरं झालं.

तेव्हा एरर आली की 'घालवू कशी' हे नंतर, 'सांगतेय काय' हे आधी. आणि आलेख आला की त्यातला एक तरी बिंदू हातानं ताडून बघा.

असो. म्हशी सुखरूप आहेत. मामा अजून माझे आलेख बघतात, पण आधी स्वतः जाऊन पाणी बघून येतात. त्यांचंच बरोबर आहे.