अर्धवट घरें आणि आकाशांतील साक्षीदार

लोणंदहून गाडीनें पुण्यास जातांना जेजुरी मागें पडून शहर जवळ येऊं लागलें, म्हणजे रुळांच्या दोहों बाजूंस अर्धवट इमारती दिसूं लागतात. कोठें चार मजल्यांचा नुसता सांगाडा, कोठें गंजलेल्या सळया वर काढून उभे असलेले खांब. दोन वर्षांपूर्वींही त्या तशाच होत्या काय, हें प्रवाशास आठवत नाहीं. ह्या विस्मरणावरच कित्येकांचा धंदा चालतो, असें माझें मत आहे.

आतां ह्यावर एक उपाय हातीं आला आहे. गूगल अर्थ ह्या नकाशांत २००९ सालापासून जुनीं उपग्रहचित्रेंही पाहतां येतात. एकाच जागेचीं निरनिराळ्या सालांचीं चित्रें क्रमानें पाहिलीं, कीं पाया केव्हां खणला आणि किती वर्षें छप्पर चढलें नाहीं, हें कोणाच्या शब्दावर विसंबून न राहतां कळतें. जुलै २०२२ पासून रस्त्यावरून काढलेलीं चित्रेंही आपल्या देशांत मिळूं लागलीं. आरंभींच्या दहा शहरांत मुंबई, पुणें व नाशिक हीं होतीं.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. वरसगांव धरणाच्या जलाशयाकांठीं लवासा नांवाचें नवें नगर उठणार होतें. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्राच्या पर्यावरण खात्यानें काम थांबविण्यास सांगितलें. पुढें सशर्त परवानगी मिळाली. आणि ऑगस्ट २०१८ मध्यें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें गेलें. दासवे येथील छपरें चित्रांत स्पष्ट दिसतात. योजिलेल्या नगराचा बराच भाग मात्र कागदावरच राहिला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत, खर्चाचा हिशेब न करतां बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा दृष्टांत आहे. पाया घालून तो अडला आणि लोकांत त्याचें हसें झालें. आमच्या काळीं बांधणारा हसें होण्यापूर्वींच दुसऱ्या नांवानें दुसरा बुरूज आरंभितो, आणि पहिल्याचे हप्ते भाड्याच्या खोलींत राहणारा कोणी कारकून भरीत बसतो. माझ्या वर्गांतील एका मुलाच्या घरीं हेंच घडलें. त्याच्या वडिलांस दरवर्षीं येत्या दिवाळीस ताबा मिळेल असें सांगण्यांत येई. मुलानें एके दिवशीं शाळेच्या संगणकावर चार सालांचीं चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. चारींत तेंच जोतें, आणि भोंवतीं वाढत गेलेलीं झुडपें. वडील पुष्कळ वेळ कांहींच बोलले नाहींत.

कोणी म्हणेल, हें दुसऱ्याच्या दारांत डोकावणें झालें. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. वरून छप्पर दिसतें. नळास पाणी आहे कीं नाहीं, तें दिसत नाहीं. चित्र कोणत्या तारखेचें, हें न पाहतां बोलणारा स्वतः फसतो व इतरांसही फसवितो. शिवाय काम न्यायालयाच्या मनाईमुळें थांबलेलें असेल, तर बांधणाऱ्यास लबाड म्हणणें हा अन्याय होय. म्हणून चित्रावरून प्रश्न विचारावा, आरोप करूं नये.

प्रश्न विचारण्याची जागाही आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं स्थापन झालेल्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदलेल्या प्रकल्पाची पूर्ततेची तारीख दिलेली असते. ती तारीख आणि चित्र हीं एकमेकांशेजारीं ठेवावीं. नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास हाच कायदा मनाई करितो; ही गोष्ट पालकांनीं विसारा देण्यापूर्वींच ध्यानांत ठेवावी, कारण मागाहून ती आठवल्यानें पैसा परत येतोच असें नाहीं.

आमच्या गांवांतील कामांसाठीं मात्र उपग्रहाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. नववीच्या मुलांनीं सुटींत रस्त्यावर उभें राहून, कुंपणाच्या आंत पाऊल न टाकतां, अपूर्ण घरांचीं चित्रें घ्यावीं व खालीं तारीख लिहावी, असें मीं सांगितलें आहे. कोणत्याही कुटुंबाचें नांव लिहावयाचें नाहीं. वही शिक्षकांच्या खोलींत ठेविली असून, ज्या पालकांस ती पाहावयाची असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें.