धुऱ्यावर ‘जेड’ लावायची घाई करू नका



या आठवड्यात चार-पाच सभासदांनी एकच व्हिडिओ पाठवून विचारलं, “सर, हे आफ्रिकेचं झाड धुऱ्यावर लावू का? कार्बनचे पैसे मिळतात म्हणे.” माझं मत सरळ सांगतो. *पेरणीच्या तोंडावर यात पैसा घालू नका.*

झाड खोटं नाही. नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळणारं, लालसर खोडाचं, बारीक गुबगुबीत पानांचं हे झुडूप म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं स्पेकबूम. पान आपल्या घोळीसारखं आंबट लागतं. (खरं जेड वेगळं, त्याचं पान मोठं असतं. ते तोंडात घालू नका.) पाण्याचा ताण पडला की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री हवेतला कार्बन आत घेऊन आम्ल करून साठवतं. म्हणून ताणावरच्या झाडाचं पान सकाळी जास्त आंबट, संध्याकाळी कमी.

तिकडं हत्ती हे झुडूप वरून खातात, खालच्या फांद्या जमिनीला टेकून मुळं धरतात, झाड टिकतं. शेळ्या खालून खातात. अंगोरा शेळ्यांनी तिकडची मोठमोठी रानं उघडी केली. ती परत झाकायला तिथल्या सरकारनं 2004 पासून फांद्या लावायचा कार्यक्रम घेतला. कार्बनची चर्चा आहे ती तिथल्या कोरड्या रानांची. आपल्या धुऱ्यावर हत्ती नाहीत, शेळ्याच आहेत!

आणि आपली जमीन काळी. जुलै-ऑगस्टात पाणी साचलं की हळदीला कंदकूज येते, तिथं हे कसं तगणार? माझ्या घरची एक कुंडी मागच्या पावसाळ्यात वळचणीखाली राहिली, आठ-दहा दिवसांत बुडापासून सडली.

हिशोब बघा. एक एकर चौकोनी रानाचा धुरा साधारण 250 मीटर. फुटाफुटावर लावलं तर 800 च्या वर रोपं. 30 रुपयानं धरलं तरी 24 हजार गेले. सोयाबीनचं बियाणं, खत त्यातच भागलं असतं. कार्बनचे पैसे नुसतं झाड लावून मिळत नाहीत. प्रकल्प नोंदवा, मोजणी करा, तपासणी होऊ द्या, त्यात वर्षं जातात.

धुरा भरायचाच तर गिरिपुष्प लावा. फांदीवरही येतं, पाला रानात टाकला की नत्र मिळतं. शेळ्यांसाठी शेवगा.

हौस म्हणून कुंडीत स्पेकबूम लावायचं असेल तर विकत घेऊ नका. साखऱ्याच्या ऑफिसला या, फांदी फुकट देतो. चार दिवस सावलीत सुकवून मग लावा, पाणी बेतानं.

– आपला कृषी सल्लागार