पेन्शनरांची घळयात्रा

माणसानें नोकरींतून मोकळें झाल्यावर काय करावें, याविषयीं उपदेश करणाऱ्यांची आपल्या समाजांत कधींच वाण नव्हती. नातवंडें सांभाळावीं, बागेंतल्या बाकावर बसून प्रकृतीच्या तक्रारी कराव्या, फार तर काशी-रामेश्वर करून यावें, एवढ्यावर हा उपदेश संपतो. अलीकडे मात्र अशा उपदेशकांस सातासमुद्रांपलीकडचा एक नवा विषय मिळाला आहे. ऑस्ट्रेलियांत साठी-सत्तरी ओलांडलेले असंख्य स्त्रीपुरुष पेन्शन सुरू होतांच मोटारीमागें चाकांचें घर जोडतात आणि खंडाच्या ओसाड अंतर्भागांत महिनेच्या महिने हिंडत राहतात. त्या प्रदेशास तिकडे 'आउटबॅक' म्हणतात. आणि या मंडळीस 'ग्रे नोमॅड', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असें कांहींशा कौतुकानें व कांहींशा कुचेष्टेनें संबोधितात. ज्यांच्या अंगीं तेवढी उमेद नाहीं ते एखाद्या गांवीं मुक्काम ठोकतात, पहाटे सहलीच्या गाडींत बसतात, दूरच्या घळी व गुहा पाहतात आणि रात्रीं परत येतात. पर्थ-मेलबर्नकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे सहा महिन्यांसाठीं गेलेल्या मराठी आईबापांनाहि मुलें हौसेनें अशा सहलींस धाडतात.

या एका दिवसाच्या दर्शनावर जो आक्षेप घेण्यांत येतो तो थोडक्यांत असा. दुर्गम स्थळ दुर्गमच राहिलें पाहिजे. ज्याच्या पायांत बळ नाहीं त्यानें तेथें जाऊंच नये. गाड्या भरभरून म्हातारे आणून सोडल्यानें स्थळाचा एकांत मोडतो. आणि एखादा घसरून पडला तर सोडविणाऱ्यांचे हाल होतात ते निराळेच. हा आक्षेप ऐकावयास मोठा उदात्त वाटतो. आमच्या मतें तो पोकळ आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या प्रश्नाकडे लक्ष द्यावयास हवें नेमकें त्याच्यावर तो पडदा टाकतो.

दुर्गमता स्थळाचें रक्षण करते, ही समजूत प्रथम तपासून पाहूं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागांत जूकन नांवाची घळ आहे. तेथील खडकांच्या आडोशांत ४६,००० वर्षांपूर्वीं माणूस राहत होता, असें उत्खननावरून सिद्ध झालें आहे. मानवी केसांच्या वेणीचा सुमारें ४,००० वर्षांपूर्वींचा एक पट्टा तेथें सांपडला, आणि त्याचा आनुवंशिक संबंध आज हयात असलेल्या त्या भूमीच्या लोकांशीं जुळला. त्या लोकांस पुटु कुंटि कुर्रामा व पिनिकुरा असें म्हणतात. हे आडोसे मे २०२० मध्यें रिओ टिंटो या खाणकंपनीनें लोहखनिजासाठीं सुरुंग लावून उडविले. हें कृत्य बेकायदेशीर नव्हतें. राज्याच्या १९७२ च्या कायद्यान्वयें २०१३ सालींच त्याचा परवाना मिळाला होता, आणि पुढें तेथें काय सांपडलें याचा त्या परवान्यावर कांहींएक परिणाम झाला नाहीं. नंतर ओरड झाली, संसदेची चौकशी झाली, कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यास पायउतार व्हावें लागलें. नवा कायदाहि झाला. तो १ जुलै २०२३ रोजीं अंमलांत आला आणि पुढच्याच महिन्यांत सरकारनें तो मागें घेण्याचें जाहीर केलें! आतां आम्ही विचारतों, जूकनचा एकांत कोणत्या पेन्शनरानें मोडला होता? ती घळ सहलीच्या वाटेवर नव्हती. तेथें म्हातारींचे घोळके नव्हते, डबे नव्हते, छायाचित्रांची गर्दी नव्हती. एकांत भरपूर होता. आणि त्या एकांतांतच तिचा घात झाला. जें स्थळ चार हजार लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें असतें तें उडवितांना परवाना देणाऱ्याचा हात निदान एकदां तरी अडखळला असता, असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट शरीरबळाची. डोंगर चढून जाणें हेंच दर्शनाचें मूल्य, असें मानणाऱ्यांनीं उलुरूचा इतिहास आठवावा. त्या प्रचंड खडकावर चढूं नका, अशी तेथील अनंगु लोकांची विनंती वर्षानुवर्षें पायथ्याशीं लिहिलेली होती. तरी लोक चढत. ३५ हून अधिक माणसें तेथें मरण पावलीं, त्यांत हृदय थांबून गेलेलीं पुष्कळ. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. त्यापूर्वींच्या आठवड्यांत शेवटची संधि म्हणून चढणाऱ्यांची जी रांग लागली होती, तिच्यांतील धडधाकट तरुणांपेक्षां खालीं सावलींत बसून खडकाचे बदलते रंग पाहणारी म्हातारी आम्हांस अधिक सभ्य वाटते. बळ ही कांहीं पात्रतेची खूण नव्हे.

येथवर आम्ही वृद्धांची बाजू घेतली. आतां त्यांच्याशींहि थोडें भांडावयाचें आहे, कारण खरा दोष दुसरीकडेच आहे आणि त्यांत त्यांचा वांटा मोठा आहे.

किंबर्ली प्रांतांत ब्रूम व डर्बी या गांवांहून ज्या सहली निघतात त्यांचें उदाहरण घेऊं. तेथें नेपियर नांवाची डोंगरांची ओळ आहे. ती मूळची समुद्रांतील चुनखडीची भिंत. वय ३५ कोटी वर्षांहून अधिक. समुद्र गेला, भिंत राहिली. तिला कापून जाणाऱ्या लेनर्ड नदीनें विंजाना घळ कोरली आहे. साडेतीन किलोमीटर लांबीची ही घळ. वाळूवर गोड्या पाण्यांतील सुसरी पडलेल्या असतात. तेथून कांहीं अंतरावर टनेल क्रीक नांवाचा ओढा डोंगराच्या पोटांतून सुमारें ७५० मीटर वाहत जातो. हातांत विजेरी धरून, गुडघाभर पाण्यांतून, वटवाघळांखालून पलीकडे निघावयाचें, हाच त्या सहलीचा परमोत्कर्ष. सत्तरीच्या गृहस्थानें हें केलें तर त्याला धन्यता वाटावी हें योग्यच आहे. परंतु आपण कोणाच्या घरांतून चाललों, हें त्याला पुष्कळदां ठाऊकच नसतें.

हा बुनुबा लोकांचा देश. त्यांच्या भाषेंत विंजाना घळीचें नांव बांडिल्ङन आणि टनेल क्रीकचें डिमलुरु. त्यांच्यांतील जंडमर्रा नांवाचा तरुण पोलिसांचा मागकाढ्या होता. स्वतःच्याच लोकांस साखळदंडांत घालण्याचें काम त्याच्याकडे आलें. ३१ ऑक्टोबर १८९४ रोजीं त्यानें लिलिमुलूरा येथें आपल्या गोऱ्या शिपायास गोळी घातली व कैद्यांना मोकळें केलें. पुढच्याच महिन्यांत विंजानाच्या घळींत पोलिसांशीं लढाई झाली. तो जखमी झाला, परंतु हातीं लागला नाहीं. अडीच वर्षें त्यानें या गुहांच्या आश्रयानें सरकारास झुंजविलें. १ एप्रिल १८९७ रोजीं तो टनेल क्रीकपाशीं मारला गेला. मारणाराहि एक आदिवासी मागकाढ्याच होता. मरतेवेळीं त्याचें वय अवघें चोविसाच्या आसपास. त्याच्या लोकांच्या लेखीं तो मंत्रसामर्थ्य असलेला पुरुष होता. या देशावरील बुनुबांचा परंपरागत हक्क न्यायालयानें मान्य केला तो २०१२ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ११५ वर्षांनीं. ही कथा ज्याला ठाऊक नाहीं त्यानें ती गुहा पाहिली, असें आम्ही म्हणणार नाहीं. तो अंधारांत भिजून आला, इतकेंच.

आणि नांवांचा प्रकार पाहा. त्याच भागांत फिट्झरॉय नदीवर गीकी घळ आहे. स्कॉटलंडच्या आर्चिबाल्ड गीकी या भूगर्भशास्त्रज्ञाचें नांव तिला १८८३ सालीं देण्यांत आलें. त्या बिचाऱ्यानें ही घळ कधीं पाहिली नव्हती! बुनुबा तिला दंगु म्हणतात. तेथें होडींत बसून, पुरानें पांढऱ्या धुतलेल्या कड्यांखालून तासभर जातां येतें. गुडघे धरलेल्या माणसासहि अशक्य असें त्यांत कांहीं नाहीं.

आपल्याकडे म्हातारपणीं यात्रेस जाण्याची चाल फार जुनी. परंतु तीर्थावर पोचल्यावर नुसती बुडी मारून कोणी परत येत नसे. क्षेत्रोपाध्याय गांठावयाचा, त्याच्या तोंडून स्थलमाहात्म्य ऐकावयाचें, त्याच्या चोपडींत आपल्या कुळाचें नांव लिहवावयाचें आणि दक्षिणा द्यावयाची, असा क्रम होता. उपाध्ये नाडीत, हें खरें. आमच्या पूर्वजांनीं त्याबद्दल बोटें मोडलींच. तथापि जागा ज्याची त्याच्या तोंडून ती ऐकावयाची, ही त्यांतील रीत खोटी नव्हती. उत्तरेकडे कॅथरीन गांवाजवळील निटमिलुक येथें आज थोडेंफार असेंच घडतें. ती भूमि जवॉइन लोकांना दीर्घ झगड्यानंतर १९८९ सालीं परत मिळाली, व तेथील घळींतून चालणाऱ्या होड्या त्यांच्याच मालकीच्या संस्थेच्या आहेत. एक घळ संपली कीं खडकांवरून थोडें चालून दुसऱ्या होडींत बसावें लागतें. त्या चालण्यांत कड्यावरील जुनीं चित्रें दिसतात. दोन तासांत सर्व आटोपतें. दिवसाची सहल उथळच असते असें म्हणणाऱ्यांस हें उत्तर पुरे आहे. वेळ थोडा असला म्हणून ऐकण्याला कोण आडवा येतो?

पण आमचे पेन्शनर काय विचारतात? जेवण मिळेल काय, शौचकूप आहे काय, गाडींत गारवा आहे काय. त्या वयांत हे प्रश्न अस्थानीं नाहींत; आम्ही त्यांस हंसत नाहीं. परंतु माहिती सांगणारा त्या भूमीचा माणूस आहे काय, आणि तिकिटाच्या पैशांतील कांहीं त्याच्याकडे जातें काय, हे दोन प्रश्न त्यांच्यापुढें घातले तर सहल चालविणाऱ्यांचें कांहीं बिघडणार नाहीं. ज्यांनीं चाळीस वर्षें हिशेब लिहिले, शाळा चालविल्या, अर्ज तपासले, त्यांना प्रश्न विचारतां येत नाहींत असें थोडेंच आहे? घरीं आपलें कोणी ऐकत नाहीं, अशी ज्यांची नित्याची तक्रार, त्यांनींच दुसऱ्या कुळांतील वडीलधाऱ्यांस ऐकल्यावांचून पुढें जावें, यासारखी विसंगति नाहीं.

जानेवारी २०२३ च्या महापुरांत फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला. नवा पूल त्याच वर्षीं डिसेंबरांत खुला झाला. पुलाअभावीं पाहुण्यांचें येणें खुंटलें म्हणजे त्या गांवाचें किती अडतें, हें त्या वर्षानें दाखविलें. तेव्हां म्हाताऱ्यांनीं येऊं नये, असें सांगणाऱ्यांनीं तें तेथील लोकांस एकदां विचारून पाहावें. राहतां राहिली वेळेची सबब. विंजानाहून टनेल क्रीककडे जाणारी गाडी वाटेंत लिलिमुलूराच्या पडक्या भिंतींजवळून जाते. मुद्दाम वळसा घालावा लागत नाहीं. रस्ताच तेथून आहे, आणि पांच मिनिटें गाडी उभी करण्यास जागाहि आहे.