आंदणाचा सेट आणि कुलरची हवा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या अकोला-अमरावतीकडे फर्निचरच्या दुकानांसमोर 'छोटा हत्ती' रांगेनं उभे दिसतात. बॉक्स पलंग, ड्रेसिंग टेबल, अलमारी, सोफा, गादी आणि सगळ्यांच्या वर दोरीनं बांधलेला कुलर. पोरीचं आंदण निघालेलं असतं. हल्ली या सगळ्याचा 'सेट' मिळतो, एका रंगात, एका भावात. बाप कापूस नाहीतर सोयाबीन विकून आलेला, त्याला दहा दुकानं हिंडायला फुरसत नाही. सेट चकचकीत दिसतो, काम एका फेरीत होतं. माझं मत असं की वऱ्हाडात स्वस्तात घर लावायचं असेल तर आधी हा सेट सोडावा.

कारण साधं आहे. स्वस्त सेट बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डाचा असतो. म्हणजे लाकडाचा चुरा आणि भुसा, त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद, गरम दाब, आणि वरून सागवानाचा फोटो छापलेला कागद (हो, फोटोच!). ही काही फसवणूक नाही. कोरड्या एसी ऑफिसात हा बोर्ड वर्षानुवर्षं मॉनिटर सांभाळतो. पण त्याचं आणि पाण्याचं हाडवैर. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा घरोघरी कुलर दिवस-रात्र चालतो. कुलरची हवा गारच मुळी ओलाव्यामुळे असते. ती खिडकीतून थेट पलंगावर येते, टाकी पाझरते, पाणी भरताना पाइप सुटतो, फरशीवर थारोळं होतं आणि पलंगाचे पाय त्यात उभे. बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावर परत जागेवर येत नाही. स्क्रू निघाला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. मृग लागेपर्यंत ड्रेसिंग टेबलची खालची कड पावासारखी फुगलेली असते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग एका मशीनवर केलं आणि डिप्लॉयमेंट भलत्याच मशीनवर!

अकोल्यात एका दुकानात मी विचारलं, "दादा, हे प्लायवूड आहे की पार्टिकल?" तो पोरगा हळूच म्हणाला, "भाऊ, कुलरपासून दूर ठेवजा, मंग काही होत नाही." आता अकोल्यात दोन खोल्यांच्या घरात कुलरपासून दूर म्हणजे नेमकं कुठं? :)

ओळखायला फार अक्कल लागत नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायचा आणि मागची, कागद न चिकटवलेली कड बघायची. भुसा दिसला तर पार्टिकल, थरावर थर दिसले तर प्लायवूड. प्लायवरचा शिक्का वाचायचा. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे प्रकार असतात, त्यात बीडब्ल्यूआर पाण्याला जास्त टिकतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, महाग असतो. तो सगळीकडे नको, कुलरच्या झोतातल्या एखाद्या वस्तूला पुरे.

मग स्वस्तात घ्यायचं काय? पलंग लोखंडी घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा दिवाण करून घ्यायचा, भाव किलोवर ठरवायचा आणि रंग मारायच्या आधी काट्यावर चढवायचा. गंज आला तर घासून पुन्हा रंग, जोड सुटला तर त्याच माणसाकडून डाग मारून. अलमारीला पत्र्याचा गेज विचारायचा. इथं आकडा उलटा चालतो हे लक्षात ठेवा: २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे जेमतेम ०.५६. मोठा आकडा ऐकून खूश होऊ नये. सागवान हवंच असेल तर मेळघाट आपल्याच जिल्ह्यात आहे आणि परतवाड्याला लाकडाचा जुना बाजार आहे, पण नवं सागवान या लेखाच्या बजेटात बसत नाही. पडलेल्या वाड्यांचे दरवाजे, तुळया मिळाल्या तर बघा. वाळवीची पोकळी ठोकून कळते. आणि पॉलिश केलेलं लाकूड कधीच घेऊ नका, रंगाखाली काहीही असू शकतं.

आता गादी. इथं मला खरोखर राग येतो.

कापूस पिकवणारा आपला मुलूख. अकोल्याची सावतराम मिल केव्हाच बंद पडली, अचलपूरच्या फिनले मिलचं उत्पादन २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबलं, ते राहू द्या, तो मोठ्या लोकांचा विषय. पण गादीचं काय? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता. एका क्विंटलमधून साधारण ३४ किलो रुई निघते, आणि सिंगल गादीला १० किलोच्या आसपास रुई लागते. म्हणजे एका क्विंटलमध्ये तीन गाद्यांचा जीव असतो. तो कापूस विकून (तोही पुष्कळदा हमीभावाच्या खालीच) आपला माणूस पोरीसाठी फोमची गादी आणतो, ती दोन उन्हाळ्यांत मधोमध खड्डा पडून बसते, आणि उकाड्यात पाठ भाजते ती वेगळीच.

रुईची गादीसुद्धा दबते, नाही असं नाही. पण तीन-चार वर्षांनी ती उकलायची, उन्हात टाकायची, पिंजाऱ्याकडे पिंजून घ्यायची, नवी खोळ, नवे टाके, झाली नवी गादी. मालाचे पैसे पुन्हा नाहीत, फक्त मजुरी आणि कापड. फोमला ही सोय नाही, तो थेट उकिरड्यावर. एक काळजी मात्र घ्यायची: तयार गादी घ्यायची नाही, आत चिंध्या पिंजून केलेला रंगीबेरंगी माल निघू शकतो. रुई आपल्या डोळ्यांदेखत तोलून भरून घ्यावी. पिंजारी काकांना त्याचा राग येत नाही, चहा पाजतात.

कंबरेच्या दुखण्यामुळे किंवा उचलायला हलकी म्हणून फोमच हवा असेल तर जाडी विचारू नका, डेन्सिटी विचारा आणि खरं-खोटं वजनावर तपासा. ६ फूट बाय ३ फूट, ४ इंच जाडीचा ३२ डेन्सिटीचा तुकडा साडेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे. चार किलोच भरला तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं.

चादरी-पडद्यांचं फार सांगत नाही. अमरावतीकरांना सिटीलँड, बिझीलँडची ठोक बाजारपेठ जवळ आहे. कडेचा एक धागा ओढून काडी लावा: कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

हे सगळं पोरीच्या बापाला सांगून उपयोग नाही, हेही मला कळतं. त्याला घर लावायचं नसतं, मांडवात चार लोकांसमोर सामान मांडायचं असतं. पिंजाऱ्याची गादी आणि वेल्डरचा दिवाण तिथं गरिबाचा दिसतो. "एवढंच काय?" असं कोणी म्हणेल या भीतीनं तो व्याजाचे पैसे उचलून सेट घेतो. तेव्हा बोलायचं असेल तर मुलाकडच्यांनी बोलावं, तेही सुपारीच्याच दिवशी: "मामाजी, आम्हाले सेट नको. पलंग आमच्या घरी आहे." आणि ज्यांच्या घरी खरंच नाही त्या नवरदेवानं लग्नाआधी एक रविवार काढून वेल्डिंगवाल्याकडे आपणच जावं. दिवाण करताना कुलरच्या खिडकीचं माप सोबत न्या, म्हणजे झोत उशाकडे न येता पायाकडे येईल.