शेतात ऊन, घरात तूट



लागणीआधी माती परीक्षण करा, असे शेती खाते सांगते. जस्ताची तूट निघाली की आपण झिंक सल्फेट आणून टाकतो. पण घरच्या माणसांच्या हाडांत कसली तूट आहे, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

ही तूट 'ड' जीवनसत्त्वाची. अन्नातले कॅल्शियम अंगी लागायला ते लागते. ते नसेल तर दूध-नाचणी खाऊनही म्हणावा तसा गुण नाही. पाण्यावाचून टाकलेल्या खतासारखी गत. मग पोरांचे पाय वाकतात, त्याला मुडदूस म्हणतात. मोठ्या माणसांची हाडे मऊ होतात, कंबर धरते, खाली बसले की उठताना मांड्यांत जोर राहत नाही.

१९१९ साली बर्लिनच्या डॉ. हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरी केली. आपल्या डोक्यावर तर तो दिवा फुकट तळपतो! मग तूट कशी? मासे आणि अंड्याचा बलक सोडला तर आपल्या ताटात हे जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते कातडीने उन्हात तयार करायचे. उसाच्या बांधावरच्या गड्याला ऊन भरपूर. पण दिवसभर चुलीपाशी असणारी सून आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी यांचे काय? काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हातही फारसे साधत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हाचे ऊन कामाचे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बाईमाणसाला उन्हात बसायला सवड नसते, ती घरच्या कर्त्याने काढून द्यावी. आठवड्यातून काही दिवस, पंधरा-वीस मिनिटे, हातपाय उघडे ठेवून अंगणात बसले तरी फरक पडतो. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे. म्हणून तान्ह्या बाळाला वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

मात्र अतिरेक नको. ६०,००० एककांची पुडी डॉक्टर सहसा आठवड्यातून एकदा, तीही ठराविक आठवडेच देतात. 'ताकद येते' म्हणून ती रोज घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. युरिया जादा झाला की ऊस लोळतो, हे आपल्याला सांगायला नको.

यंदा मातीची पिशवी भरून निघाल, तेव्हा घरात एकदा विचारा, "उठताना त्रास होतो का गं?" होत असेल, तर आधी तिला डॉक्टरांकडे न्या. माती दोन दिवस थांबेल.