दगडूचे बोलणे आणि आपली लेखणी

अकोले तालुक्यातील धामणगाव हे दया पवार यांचे जन्मगाव. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’मुळे ते मराठी साहित्यात कायमचे नोंदले गेले. या पुस्तकाचा गौरव आपण जयंतीच्या व्यासपीठावरून नेहमी करतो; परंतु त्याच्या लेखकाने आपल्या आयुष्यातून आपली शैली कशी घडविली, हा प्रश्न क्वचितच विचारतो. वसतिगृहातील मुलामुलींच्या हाती लेखणी देणाऱ्या संस्थेने तो अवश्य विचारला पाहिजे.

दुःख भोगणारे असंख्य होते. त्याला शब्दरूप देणारे थोडे. केवळ भोगल्याने शैली येत नाही. आपल्याच जगण्याकडे कोठे उभे राहून पाहावे, हे लेखकाला ठरवावे लागते. पवारांनी त्यासाठी स्वतःचे दोन भाग केले. या पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या माणसाला महारवाड्यातल्या मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. या योजनेमुळे कथनाला आवश्यक ते अंतर लाभले. समाजाच्या अन्यायाबरोबर आपल्या वस्तीतील उणिवा आणि स्वतःचे दुबळेपणही सांगता आले. आपल्यातल्याच काहींना हे उघडेपण रुचले नाही, पण त्या पुस्तकाचे बळ त्यातच आहे.

शीर्षकाचेही तसेच. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. त्यानंतर वीस वर्षांनी पवारांनी त्याच व्यवस्थेतला शब्द पुस्तकाच्या माथ्यावर लिहिला. विसरावासा वाटणारा शब्द त्यांनी इतिहासाच्या साक्षीला उभा केला. कोकणातल्या उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आईच्या हातातल्या त्या विणीशी त्यांनी आपल्या लेखनाचे नाते जोडले.

मात्र येथे एक धोका आम्हांस दिसतो. ‘बलुतं’नंतर आत्मकथनाचा एक साचा तयार झाला. आजचा विद्यार्थी त्या साच्यात आजोबांची भूक ओतू लागला, तर ते लेखन उसनेच ठरेल. पवारांकडून घ्यायची आहे ती पाहण्याची रीत. त्यांचे अनुभव त्यांचेच राहणार. पाथर्डी-शेवगावकडची मुले आईवडील ऊसतोडीला गेल्यावर जे महिने काढतात, त्यांचे वर्णन त्यांच्याखेरीज कोण करील? कोयता, मोळी, उचल, टोळी हे त्यांच्या घरचे शब्द निबंधाच्या वहीत येताना का बिचकावेत? मुलगी घरच्या बोलीत लिहिते तेव्हा ‘अशुद्ध’ म्हणून तिच्या शब्दांवर रेघ ओढली गेली, तर शब्दाबरोबर तो पाहणारा डोळाही पुसला जातो. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे, परीक्षेला आणि नोकरीला ती लागते. पण तिची किंमत म्हणून घरची भाषा मागू नये.

भगवान बुद्धांचा धम्म ‘एहिपस्सिक’ आहे: या आणि पाहा. सम्यक स्मृती म्हणजे जे आहे ते जसे आहे तसे, न झाकता, न फुगविता पाहणे. आम्हांस वाटते, लेखनाचा पहिला पाठही हाच असावा.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या शाळेच्या हस्तलिखितात दरवर्षी काही पाने घरच्या बोलीसाठी राखावीत. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने आपल्या घरातील एक काम, एक वस्तू किंवा एक माणूस यांविषयी, घरात जसे बोलतात तसे लिहावे. त्यांतील अपरिचित शब्द अर्थासह वहीत उतरवून ग्रंथालयात ठेवावेत. सर्वच मुले लेखक होणार नाहीत. परंतु आपले जगणे लिहिण्याजोगे आहे, हा विश्वास घेऊन ती या वसतिगृहाबाहेर पडतील.

जय भीम!