समुद्र दिसतो हो!

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्राचे पहिले पान बातम्यांचे राहत नाही. ते बिल्डरांचे होते. निळाशार समुद्र, त्यावर झुकलेली गॅलरी, गॅलरीत कॉफी पिणारे तरुण जोडपे, आणि अगदी खाली, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत, चित्र काल्पनिक असल्याचा खुलासा. आमच्या घरी हे पान करंज्या तळताना परातीखाली घालायला जाते. पण गेल्या वर्षी तेच पान हातात धरून आत्या म्हणाली, "अरे, हा आकडा बघ. आपला ब्लॉक एवढ्याला जाईल का रे?" आणि एरवी वाटण्या, भाडेकरू आणि सोसायट्यांची भांडणे यांवर चालणाऱ्या या सदराला यंदा विषय घरातच मिळाला.

आत्याचा ब्लॉक दादरला. पूर्वीचा कॅडेल रोड आणि आताचा सावरकर मार्ग, त्याच्या समुद्राकडच्या अंगाला. आतोबांनी १९६४ साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून आणि आत्याच्या पाटल्या मोडून सोसायटीचे पैसे भरले, तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले होते. खाऱ्या वाऱ्यात कुणी मुद्दाम राहायला जाते का? कोकणात गुहागरसारख्या गावात जाऊन पाहा. घराचे तोंड रस्त्याकडे, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे समुद्राकडे पाठ करून सुखाने जेवली. समुद्र म्हणजे पहाटे परसाकडे जाण्याची जागा. तिच्याकडे बघायचे पैसे पडतील, हे आमच्या आजोबांना सांगितले असते तर त्यांनी आमची नाडी पाहिली असती.

आता मात्र पडतात, आणि कसे पडतात! मलबार हिलवरचा होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला २०१४ साली लिलावात ३७२ कोटींना गेला. त्याचे स्मारक व्हावे म्हणून शास्त्रज्ञ मंडळींनी धडपड केली. दोन वर्षांनी बंगला पाडला गेला. ब्रीच कँडीचे 'लिंकन हाऊस', म्हणजे मूळचा वांकानेरच्या महाराजांचा वाडा, २०१५ साली ७५० कोटींना ठरला आणि जमीन मुळात कुणाची या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडकून पडला. हा दुसरा दाखला मी आत्याला मुद्दाम दोनदा सांगितला. साडेसातशे कोटींच्या सौद्यालासुद्धा शेवटी एक कागद अडवतो, तर आपली काय कथा!

दलाल आला. त्याला दलाल म्हणायचे नाही, 'कन्सल्टंट' म्हणायचे. त्याने भिंतीवर लाल ठिपका पाडून क्षणात खोल्या मोजल्या आणि विचारले, "आजी, समुद्र किती खोल्यांतून दिसतो?"

"स्वयंपाकघरातूनही दिसतो," आत्या म्हणाली, "पण ओट्यापाशी मान वळवायला सवड कुणाला होती?"

त्याने तेही वहीत मांडले. समुद्र दिसणारी खोली आणि न दिसणारी खोली यांचा भाव वेगळा असतो. घेणाऱ्यांनी इथे एक गोष्ट कानात साठवावी. वहिवाटीच्या हक्कांचा १८८२ सालचा कायदा खिडकीतून वीस वर्षे येणाऱ्या उजेडाला आणि वाऱ्याला मान देतो. पण नजरेसमोरच्या देखाव्याचा हक्क आपला कायदा मानत नाही. उद्या पुढच्या भूखंडावर चाळीस मजले उठले आणि तुमचा समुद्र गेला, तर ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले त्याची दाद कुठे मागणार? किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ च्या अधिसूचनेने जे निर्बंध आले, ते २०१९ च्या अधिसूचनेने बरेच सैल झाले. म्हणून समोर आज बैठी चाळ आहे एवढ्यावर विसंबू नये. ती पडल्यावर तिथे काय उठू शकेल हे वास्तुविशारदाला विचारावे. आणि बांधलेली इमारतही कायदेशीर आहे असे धरून चालू नये. कुलाब्याचे एकतीस मजली 'आदर्श' सर्वांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते पाडण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली हे खरे, पण स्थगितीत कुणी संसार मांडत नाही.

खरी गोम निघाली ती आत्याच्या कपाटातल्या पिशवीत. शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवर आतोबांच्या नावाखाली नाव होते ते थोरल्या मुलाचे. आतोबांनी नॉमिनेशन त्याचे केले होते. २००९ साली ते गेल्यावर सोसायटीने त्याप्रमाणे नाव चढवले, आणि त्या वेळी "नॉमिनेशन आहे ना, मग काळजी नको" असे आत्याला सांगणारा शहाणा मीच होतो. सदर लिहिणाऱ्याने असे लिहू नये, पण लिहितो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरते ते नाव. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. आतोबांचे मृत्युपत्र नव्हते. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आत्या, अमेरिकेतला मुलगा आणि पार्ल्याची मुलगी, तिघांचा एकेक तृतीयांश.

मुलाने फोनवर सांगितले, "आई, कागद माझ्या नावावर आहे. मी मुखत्यारपत्र पाठवतो, सही होऊन जाऊ दे. ताईचे मग बघू." घेणाऱ्याच्या दलालालाही हेच सोयीचे होते: एक नाव, एक सही. आत्या काही बोलली नाही. फोन तिने टेबलावर पालथा ठेवला आणि आत जाऊन वाटाणे सोलत बसली. ताईने गेली बारा वर्षे दर शनिवारी पार्ल्याहून येऊन तिचे औषध, डॉक्टर, वीजबिल सगळे पाहिले होते. संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "मग बघू म्हणणाऱ्याने कधी बघितले आहे का रे?"

दोन महिने मायलेकांत फोन नाही. मी वकिलांकडे खेटे घालत होतो. त्यांनी मुलाला एक साधी गोष्ट लिहून कळवली. पन्नास लाखांवरच्या खरेदीत घेणाऱ्याने एक टक्का कर कापायचा असतो, पण विकणारा परदेशचा रहिवासी असला तर हा नियम नाही. कपात कितीतरी मोठी होते, आणि ती कमी करून हवी तर आयकर खात्याकडून आधी दाखला आणावा लागतो. सगळा ब्लॉक एकट्याच्या नावाने विकला, तर सगळी रक्कम त्या कात्रीत सापडणार. आता त्याचे मन करामुळे पालटले की आईच्या अबोल्यामुळे, हे मी त्याला विचारले नाही. तो स्वतः आला, आणि तिघांनी विक्रेते म्हणून सह्या करायच्या असे ठरले.

मधल्या काळात घेणाऱ्याचा माणूस "थोडे रोखीत घेतले तर दोघांचीही सोय" असे सुचवून गेला. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली, तर तितकाच दंड बसतो, हा नियम २०१५ पासून आहे. आत्याला नियम सांगायची वेळच आली नाही. "फराळाचे डबे ठेवायला जागा नाही, नोटा कुठे कोंबू?" असे विचारून तिने त्याला चहा दिला.

भाव मात्र थोडा उतरला, आणि तो समुद्रानेच उतरवला. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतात. सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडतो. घेणाऱ्याच्या इंजिनिअरने गॅलरीच्या छतावर लहानशी हातोडी आपटली आणि पोकळ आवाज ऐकवला. तीस वर्षांपुढच्या इमारतीची अशी रीतसर तपासणी कायद्यानेच करायची असते. आमच्या सोसायटीत ती रंगाच्या खर्चाखाली झाकली गेली होती. जागा पाहायला जाणाऱ्यांनी हवेशीर संध्याकाळी जाऊ नये. भर जुलैत, वारा पाणी घेऊन आत घुसतो तेव्हा जावे, आणि देखावा पाहायच्या आधी छताकडे पाहावे.

निबंधकाच्या कचेरीत तिघांचे फोटो, तिघांचे अंगठे झाले. आत्याच्या बोटांचे ठसे यंत्राला चार वेळा उमटेनात. इतकी भांडी घासल्यावर उमटायचे कुठून! मुलाने तिचा हात धरून काचेवर दाबला, तेव्हा उमटले. ताई दाराशी चपला राखत उभी होती.

आत्या आता पार्ल्याला, ताईपासून दोन गल्ल्यांवर, दोन खोल्यांच्या जागेत राहते. खिडकीतून समोरच्या इमारतीचे जिने दिसतात. समुद्राची आठवण येते का, असे मी परवा विचारले. उत्तर न देता तिने चकल्यांचा डबा पुढे केला. साठ वर्षे दादरला तिच्या चकल्या दुसऱ्या दिवशी सादळायच्या आणि आतोबा त्यावरून तिला बोलायचे.

"चौथा दिवस आहे," ती म्हणाली. "मोडून बघ."